न दुखणारी कूस

आमच्या गल्लीत माझ्याबद्दल जे सांगतात ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कागदावर आणलेलं नाही, कुणा पाहुण्यापुढं बोललेलो नाही. मी खोटं बोललो — आणि ते माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर आलं.

खरं अर्धं आधी सांगतो, ते सोपं आहे. मिलिंदच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा माझी जुळली आणि मी एक दिली. मनापासून दिली. एवढ्यावर तरी विश्वास ठेवा — की तेही म्हणायचा हक्क मला उरला नाही? विहारात सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, भाषणं. म्हातारी माणसं माझे हात हातात घेऊन रडली. मी जन्मभराचा गिरणीवाला, पिठानं पांढरा झालेला. मला कधी कुणी उठून खुर्ची दिली नव्हती. आता घरात पहिली भाकर माझ्या ताटात पडायची.

सुरुवातीला दुखायचंच. नुसतं खोकलं तरी कूस फाटल्यासारखी व्हायची. उठताना हात आपोआप डाव्या बाजूला जायचा. मग दुखणं हळूहळू गेलं — हात मात्र तिथंच राहिला.

तपासणीला मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, खोकायला लावलं आणि म्हणाले, जखम उत्तम भरली आहे, कामाला लागा, वजन थोडं थोडं वाढवत न्या. आनंद व्हायला हवा होता ना? मला वाटलं, संपलं. पुन्हा तो पट्ट्याचा खडखडाट, पुन्हा डबे उचलणं, पुन्हा मी कुणीच नाही.

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?" मिलिंद समोरच बसला होता, तोंडाला मास्क लावून. मी कुशीवर हात ठेवला आणि म्हणालो, "अजून वजन उचलू नका म्हणले."

गिरणी आम्हा दोघा भावांची. मधल्या काळात ठेवलेला गडी वाळूजला कंपनीत लागला होता, दुसरा मिळत नव्हता. मिलिंदला धुळीची सक्त मनाई होती. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालतात, त्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. आणि गिरणीत धुळीशिवाय असतं काय? त्याच्या बायकोनं, रमानं, त्याला दारातच अडवलं. तो तिच्यावर खेकसला, "दादानं अंगातला तुकडा काढून दिला अन् मी दळण नाय दळू? काय बोलतीस?"

मी ऐकत होतो. पलंगावर, भिंतीकडं तोंड करून. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो का?

गिरणी घराच्या खालीच. मी वर गॅलरीत बसून तिचा आवाज ऐकायचो — आणि त्याचा खोकला. शेजारच्या शमीम आपा डबा घेऊन आल्या की त्याला चिडवायच्या, "तेरा दादा तो ऊपर दूल्हे के माफिक बैठा है, तू कायकू मरता रे?"

"बैठने दो ना आपा," तो मास्कमधून हसायचा, "अब्बी हल्दी नै उतरी उसकी."

मीही हसायचो. आणि हसता हसता कूस दाबायचो, कुणी बघत नसतानाही. का? कुणाला दाखवत होतो?

मग ताप आला. फुप्फुसांत बुरशीचा संसर्ग, डॉक्टर म्हणाले. जीव वाचवायला त्या गोळ्या कमी कराव्या लागल्या. फुप्फुसं सुधारली. किडनी गेली.

तो दवाखान्यात भरती झाला त्याच दिवशी मी गिरणी उघडली. दोन हातांत दोन भरलेले डबे उचलले. काही दुखलं नाही. आता कुणीतरी विचारील असं वाटलं — विचारावं, असंही वाटलं. लोक म्हणाले, बघा, भावासाठी स्वतःचं दुखणं विसरला.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. मिलिंद घरी आला. पुन्हा डायलिसिस सुरू झालं होतं. माझ्यासमोर बसला आणि एकदम पायाशी वाकला. "दादा, तू दिलेली मला सांभाळता नाय आली. माफ कर मला."

आणि मी काय केलं? त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे," म्हणालो, "जीव वाचला ना तुझा." माफ केलं — मी, त्याला! रमा पदरानं डोळे पुसत होती. आणि मला, त्या क्षणी, सुटल्यासारखं वाटलं.

तसाच राहिलो असतो. पण रमा स्वतःची किडनी द्यायला निघाली आणि मिलिंद ऐकेना. डॉक्टरांनी समजावलं, माईनं, आमच्या आईनं, विनवण्या केल्या. "एक वाया घालवली, दुसरी कोणत्या तोंडानं घेऊ?" हेच त्याचं उत्तर. माझ्या खोट्यापायी तो मरायला तयार झाला होता.

मागच्या आठवड्यात डायलिसिस चालू असताना त्याच्या उशाशी बसून सांगितलं. दुखणं कधीच थांबलं होतं, डॉक्टरांनी कामावर जा म्हटलं होतं — सगळं. त्यानं विचारलं,

"मग खाली का नाय आलास?"

"बसून राहावंसं वाटलं," मी म्हणालो. 

त्यानं तोंड फिरवलं. मशीन थांबलं. सुया काढल्यावर दंडावर कापूस दाबून धरावा लागतो. ते काम नेहमी माझं. मी उठून हात पुढं केला. त्यानं दंड बाजूला घेतला आणि कापूस स्वतःच दाबून धरला.

तसाच उभा राहून बोललो, "तू नाय घालवलीस, मिलिंद. मी घालवली. तुला माफ करणारा मी कोण? मी चुकलो. तुझ्याशी लई वाईट वागलो."