पाटावरची अक्षरं

मगदूम बाई मेढ्याजवळच्या आमच्या शाळेत रुजू झाल्या, तेव्हा मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होतो. आमची पहिली ओळख भांडणातून झाली. त्यांच्या इंग्रजीच्या तासाला एवढा गलका, की माझी मुलं पाढे सोडून भिंतीला कान लावत. मी तणतणत सांगायला गेलो, तर बाईंनी शांतपणे माझ्या हातात पूर्णविरामाचा पुठ्ठा दिला आणि मला मुलांच्या ओळीच्या शेवटी उभं केलं.

आपल्या लिपीत अक्षरांना लहानमोठेपण नाही. त्यामुळे वाक्याची सुरुवात, माणसाचं नाव, गावाचं नाव इंग्रजीत कॅपिटल अक्षराने लिहायचं, हे आमच्या पोरांच्या पचनी पडत नसे. बाई नियम पाठ करून घेत नसत. मुलांच्या गळ्यात शब्दांचे पुठ्ठे अडकवून त्या वर्गात वाक्य उभं करत. ज्या शब्दाला कॅपिटल हवं, त्या मुलाच्या डोक्यावर पांढरी टोपी. टोप्या त्यांनी बाजारातून पदरच्या पैशाने आणल्या होत्या. मला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. पण पोरं रस्त्यावरच्या पाट्या वाचून चुका काढायला लागली, तेव्हा मी तक्रार करणं सोडलं.

बाईंचा खरा मोठेपणा मात्र त्यांची चूक झाली तेव्हा दिसला. पाचवीतल्या रूपालीच्या गळ्यात तिच्याच नावाचा पुठ्ठा होता. बाईंनी टोपी घातली, तशी पोर टोपी टाकून घरी पळाली आणि परत शाळेत आलीच नाही. बाई माधवनगरच्या जैन घरातल्या. आमच्याकडे वडील गेले की दुखवट्याला पाहुणे मुलाला टोपी घालतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रूपालीला भाऊ नाही. महिन्यापूर्वी वडील गेले, तेव्हा ती टोपी तिच्याच डोक्यावर चढली होती.

आता तिला लोणंदला मामाकडे घरकामाला धाडायचं ठरत होतं. मी बाईंना म्हटलं, गावचं गाव बघून घेईल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाईंनी ऐकलं नाही. शाळा सुटल्यावर डोंगर चढून त्या तिच्या घरी गेल्या, वाट दाखवायला मी सोबत.

रूपालीची आई म्हणाली, "आवं बाई, टोपी बघितली की तिला बा आठवतोय. आता न्हाई यायची ती."

बाईंनी सबबी सांगितल्या नाहीत. पोरीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळ. टोपी आता वर्गात दिसणार नाही. मानाच्या अक्षराला दुसरं काय द्यावं, तूच सांग."

रूपालीने आम्हाला बसायला मांडलेल्या पाटाकडे बोट दाखवलं. पाहुण्याला पाट द्यायचा, हे तिला आईने शिकवलेलं.

दोन दिवसांनी लोणंदला जायच्या ऐवजी ती तोच पाट डोक्यावर घेऊन शाळेत आली. तिने एक पुठ्ठा स्वतः रंगवला होता. त्यावर वडिलांचं नाव होतं, मारुती. तो गळ्यात घालून ती पाटावर उभी राहिली. त्या दिवशी त्या वर्गात गलका नव्हता. बाई खिडकीकडे वळून डोळे पुसत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

तेव्हापासून बाईंच्या वर्गात कॅपिटल अक्षर पाटावर उभं राहू लागलं. रूपाली आज साताऱ्यात नर्स आहे. बाईंच्या आजच्या या साठीच्या समारंभात त्यांना फेटा बांधायचं ठरलं, तेव्हा तिचा फोन आला. "सर, डोक्यावर काही नको. पाट मी आणते."

तेव्हा बाई, या पाटावर बसा. तुमची तब्येत खणखणीत राहो आणि पंचाहत्तरीलाही तुम्हाला याच पाटावर बसवायचं भाग्य आम्हाला लाभो. पूर्णविरामाचा पुठ्ठा माझ्याकडेच आहे. तो मी इतक्यात काढणार नाही.