डाव्या हाताच्या बांगड्या

१९३३ साली, शाळा उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत बनेटी शिकवायला सुरुवात झाली. दोन्ही टोकांना चिंध्यांचे गोळे बांधलेली काठी. ती मनगटाच्या जोरावर गरगर फिरवायची. मी चौदा वर्षांची होते आणि डावरी होते.

घराबाहेर हे कुणाला माहीत नव्हतं. जेवण, लिहिणं, वाढणं सगळं उजव्या हाताने चाले. आईने माझ्या डाव्या हातात बारा काचेच्या बांगड्या भरल्या होत्या, उजव्यात दोन. डावा हात पुढे गेला की तिला स्वयंपाकघरात ऐकू जाई. "वाजल्या गं," एवढंच ती आतून म्हणे. मोहोळचं एक स्थळ आलं होतं. ती माणसं पाहायला येण्याआधी सवय मोडायची होती.

शिकवायला तालमीतले एक म्हातारे वस्ताद येत. काच फुटू नये म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बांगड्यांवर फडकं गुंडाळायला लावलं. माझा डावा हात चांगलाच जाड झाला.

"अगं, तान्हं बाळ गुंडाळून आणलंस की काय?" शेजारची मुलगी म्हणाली.

उजव्या हाताने फिरवताना काठी दोनदा माझ्याच कानावर बसली. तिसऱ्यांदा मी ती डाव्या हातात घेतली. बांगड्या वाजल्या नाहीत. काठी फिरत राहिली.

"पोरी, तुजा डावा लई बेस हाय की," वस्ताद म्हणाले. "इतके दिस कुटं लपवला व्हतास?"

त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर अर्धा तास, मी डाव्या हाताने बनेटी फिरवली. घराच्या वळणावर फडकं सोडून दप्तरात ठेवत असे. दिवाळीनंतरच्या संमेलनात मला पुढे उभं करायचं वस्तादांनी ठरवलं. मला ती जागा हवी होती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मेंदी लावायला आईने माझा डावा तळवा उघडला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. उजव्या तळव्यावर नव्हता.

"कधीपासून?"

"बनेटी सुरू झाली तेव्हापासून."

तिने मेंदी पुरी लावली.

सण झाल्यावर कासारीण घरी आली. आईने एक माप लहान अशा सात बांगड्या मागितल्या. साबणाचं पाणी लावून कासारणीने त्या जुन्या बांगड्यांच्या खाली, मनगटाच्या हाडाला टेकतील अशा भरल्या.

"वैनी, ह्या निघायच्या न्हाईत. वाढवाव्याच लागतील की." काच फोडण्याला आमच्याकडे वाढवणं म्हणतात. विनाकारण ते कुणी करत नाही.

"निघू नयेत म्हणूनच," आई म्हणाली.

गुरुवारी मी फडकं गुंडाळलं. मनगट वळेना. काठी तीनदा पडली. वस्तादांनी फडकं सोडायला लावून हात पाहिला.

"ऱ्हाऊ दे पोरी. तू आकडे म्हण."

संमेलनात सात मुलींनी बनेटी फिरवली. मी कडेला उभी राहून आकडे म्हटले. मोहोळची माणसं तिसऱ्या रांगेत होती.

माघात लग्न झालं. हिरवा चुडा भरण्याआधी कासारणीने डाव्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. एकोणीस होत्या.