मोठ्या जावयाचा ऊद

मधुकरराव इखार सेलूच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि सर वर्गात येऊन बसलेत हे पोरांना बहुधा घंटा झाल्यावर, ते उठून जाताना कळायचं. हेडमास्तर एकदा दारातून डोकावले, ‘या वर्गावर कोणी नाही वाटतं’ म्हणाले आणि मॉनिटरला लक्ष ठेवायला सांगून गेले. मधुकरराव तेव्हा खुर्चीतच होते. मॉनिटरने मग त्यांचंही नाव फळ्यावर लिहिलं नाही, एवढंच नशीब.

पण या माणसाकडे एक मोठं पद होतं. सिंदी रेल्वे गावच्या देवकाबाईंचे ते थोरले जावई होते. आता जावई म्हटला की लग्नकार्यात तो रुसणार, चार माणसं पाणी, सरबत, हात जोडणं वगैरे सामान घेऊन त्याच्यामागे धावणार, हे ओघानंच आलं. धाकटे जावई सदाशिवराव यात इतके तयार होते की सोडा गरम निघाला तरी रुसायचे आणि थंड निघाला तरी रुसायचे. रुसवा काढायला आलेल्यांना कुठे उभं राहायचं हेसुद्धा तेच सांगत.

मधुकररावही रुसले होते. साळ्याच्या, म्हणजे धीरजच्या लग्नात ते तोंड फुगवून गच्चीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मधुकररावांनी मान घाईघाईने दुसरीकडे वळवली.

“बरं झालं भाऊजी, तुमी इथीच हा,” एक चुलतसाळा म्हणाला. “या मठ्ठ्याच्या ड्रमाकडं ध्यान ठेवा जरा. कुत्रं तोंड घालन.”

मधुकररावांनी संध्याकाळपर्यंत ध्यान ठेवलं. कुत्रंही आलं नाही.

तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. आपण एकदा रुसावं आणि कोणीतरी येऊन ‘काऊन रुसले?’ म्हणून विचारावं. २००३च्या मार्चमध्ये सगळ्यात धाकटी साळी रक्षा हिचं लग्न ठरलं, मे महिन्याचं. त्यानंतर सासरी लग्नाचं कोणी उरत नव्हतं. म्हणजे ही शेवटची संधी.

अशातच शेजारचा भूपेंद्र दुबईहून सुट्टीवर आला. तिकडे तो एसी दुरुस्त करायचा. त्याने मधुकररावांच्या हातावर मखमली डबी ठेवली. आत सोनेरी बुचाची इवलीशी बाटली.

“हे ऊद हाय काका. तिकडं शेख लोक लावतेत. पन एकच थेंब लावजा. मानूस घरात शिरायच्या आंधी त्याचा रुबाब शिरते.”

मधुकररावांनी बूच उघडलं. जुनं लाकूड, धूप, मध आणि थोडंसं नवं चामडं, असा काहीसा दमदार वास नाकातून थेट पाठीच्या कण्यात गेला. कणा ताठ झाला. क्षणभर त्यांना दिसलं, आपण पांढरा झगा घालून लोडाला टेकलोय, मनगटावर ससाणा आहे, आणि खाली उन्हात धीरज मठ्ठ्याचा ड्रम राखत बसलाय.

“ऊद?” त्यांच्या बायकोने, सुलोचनाबाईंनी नाकाला पदर लावला. “ऊद म्हंजे ते पान्यातलं मांजर ना? मांजराचं अत्तर लावून तुमी माह्या माहेरी येता?”

“झाडाचं असते ते!”

“मंग मांजर झाडावर चढलं असन.”

पण दुसऱ्या दिवशी शाळेत चमत्कार झाला. पोरं उभी राहिली. हेडमास्तर स्वतःहून जवळ आले, हुंगले आणि म्हणाले, “काय हो सर, गिरडच्या दर्ग्यावर गेलते काय? आमाले प्रसाद नाई आनला?” एवढा लांब प्रश्न हेडमास्तरांनी त्यांना नोकरी लागल्यापासून विचारला नव्हता. मधुकरराव हळू चालू लागले. बोलण्याआधी खाकरू लागले. भाजीवालीला त्यांनी फुकटचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, मागितला, आणि तिने दिला!

लग्न सिंदीच्या एका जिनिंगच्या आवारात होतं. उन्हाळ्यात कापूस नसतो, म्हणून मांडवाला जागा ऐसपैस. मधुकररावांनी एक थेंब शेखासाठी, एक सासरसाठी आणि एक गच्चीवरच्या आठवणीसाठी लावला नि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर जाऊन बसले. लोक वळून बघत होते. एका म्हातारीने तर वाकून नमस्कार केला आणि गुडघेदुखीवर काही देता का, असं विचारलं.

तेवढ्यात वरात दाराशी आली आणि बोंब झाली. गुलाबपाणी होतं, पण वऱ्हाड्यांच्या मनगटाला लावायचं अत्तर घरीच राहिलं होतं. धीरज पळत आला, हवेत नाक फिरवलं आणि ‘भाऊजी, आना ते इकडं’ म्हणत त्यांच्या खिशातून बाटली काढून घेऊन गेला.

मधुकररावांच्या डोळ्यांदेखत त्यांचा रुबाब वाटला गेला. नवरदेवाच्या मामाला बोट, आत्याच्या नवऱ्याला बोट, बँडवाल्याला तर दोन बोटं. बाटली रिकामी परत आली. ‘घ्या’ म्हणायलाही धीरज थांबला नाही.

झालं! मधुकरराव ताडकन उठले आणि शेडमागे सरकीच्या पोत्यांवर जाऊन रुसले. या खेपेला रुसवा अस्सल होता. दोन पोत्यांच्या फटीतून मांडव दिसत होता. आता शोधाशोध होणार.

“मोठे भाऊजी कुठी गेले गा?” कोणीतरी विचारलंच.

मधुकररावांनी श्वास रोखला.

“हायत ना इथंच. वास नाई येऊन राह्यला काय?”

सगळ्या मांडवात मधुकररावच मधुकरराव दरवळत होते. जेवायला बसलेले मधुकरराव, पान खाणारे मधुकरराव, नवरदेवाच्या बाजूला घामाघूम झालेले मधुकरराव. खुद्द मधुकररावांची कुणाला गरजच नव्हती. फोटोच्या वेळी ‘सारे आले का?’ विचारल्यावर धीरजने दीर्घ श्वास घेतला आणि ‘आले आले’ म्हणाला. थोरल्या जावयाच्या मानाचा दुपट्टा त्याने वासाच्या रोखाने नेऊन घाईघाईत बँडवाल्याच्या खांद्यावर टाकला. बँडवाला गहिवरला आणि त्याने एक जादा गाणं वाजवलं.

पोटात कावळे ओरडू लागले. आपणच उठून जावं, असं मधुकररावांच्या मनात आलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“जावईबापू? तुमी इथी?”

देवकाबाई होत्या. त्यांना सणकून सर्दी झाली होती. नाक पार बंद. सगळ्या मांडवात फक्त त्यांनाच वास येत नव्हता, त्यामुळे त्यांनी डोळ्यांनी शोधलं, आणि थोरला जावई दिसेना.

“काऊन रुसले, बापा?”

आला! तो प्रश्न आला! आणि मधुकररावांना एकदम लक्षात आलं की इथपर्यंत आपला रुसवा कधी पोचलाच नव्हता, त्यामुळे पुढचं काही पाठ नाही. ‘माझा वास साऱ्यांना लावला’ हे तर सासूला सांगण्यासारखं नव्हतं.

“वरनात मीठ कमी होतं,” ते म्हणाले.

“तुमी तं जेवलेच नाई अजून.”

मधुकररावांनी मान खाली घातली. “मले कोनी आवाज देऊन नाई राह्यलं,” ते इतक्या हळू म्हणाले की देवकाबाईंना पुढे वाकावं लागलं.

मग त्या माउलीने छाती भरून आवाज दिला, “अरे पोट्टेहो! मोठे जावई रुसले रेऽऽ! पानी आना! ताट आना!”

मांडवच्या मांडव शेडमागे लोटला. धीरज कान पकडून उभा राहिला. रक्षा मुंडावळ्यांसकट आली. सदाशिवराव पुढे घुसले आणि कानात म्हणाले, “लगेच मानू नका, भाऊजी. पयले पानी वापस करा.”

मधुकररावांनी पाण्याचा गिलास बाजूला सारला. “नाई!”

हा शब्द एवढ्या माणसांनी एकदम ऐकलेला त्यांना आवडला. म्हणून त्यांनी तो पुन्हा म्हटला. सुलोचनाबाई कौतुकाने भावजयीला म्हणाल्या, “पाय बाई, कसे रुसले!”

“आता सरबतालेही नाई म्हना,” सदाशिवरावांनी हुकूम सोडला.

मधुकररावांनी ‘नाई’ म्हणायला ऐटीत तोंड उघडलं, आणि देवकाबाईंनी त्यात मूठभर बुंदी कोंबली.