पंचवीस किलोचं कॅरिअर

सायकलचं कॅरिअर निवडायला मी तीन आठवडे घेतले. बायको म्हणते, तिला पसंत करायला माझ्या घरच्यांनी एकच संध्याकाळ घेतली होती. पण मला बालाघाटहून परसवाडा आणि पुढे बिरसापर्यंत जंगलातल्या कच्च्या वाटांनी चार दिवस सायकल चालवायची होती. अशा वाटेवर सगळ्यात आधी मोडतं ते कॅरिअर, हे मी मोबाइलवर इतक्यांदा वाचलं होतं, की स्वप्नातही बोल्ट सुटायचे.

आमच्या मोहल्ल्यात सायकल दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे गेलो, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "मांगं कोन बसन?"

"कोणी नाही काका, नुसतं सामान."

"तरी लोखंडी सळईचं करून घे. मोडलं तं कोन्याबी गावात वेल्डिंग होऊन जाते. आन कोनी बसलंच, तं बसू शकते."

मी हसलो. कॅरिअरवर माणूस बसवणं ही माझ्या लेखी खेड्यातली गोष्ट होती. मला हवं होतं अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं, चार ठिकाणी बोल्टनं घट्ट बसणारं. दोन्ही बाजूंच्या पिशव्या खाली लटकतील, पण पॅडल मारताना टाच त्यांना लागणार नाही असं. तसंच मागवलं. त्याच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पंचवीस किलो. काकांना दाखवायलाही नेलं. त्यांनी बोटानं वाजवून पाहिलं, "हौ, चांगलं हाय" म्हणाले आणि पुन्हा पंक्चर काढायला बसले.

मोठ्या प्रवासाआधी एका रविवारी चाचणी घ्यायची ठरवली. तंबू आणि कपडे धुळीत कशाला घालायचे, म्हणून पिशव्यांत विटा भरल्या. जुन्या चादरीत गुंडाळून, दोन्हीकडे सारख्या, वजन करून अठरा किलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"इटायले हवा खायाले घेऊन चालले का?" ती म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

ओळखीच्या टेम्पोनं तिरोडीला उतरलो आणि तिथल्या मँगनीजच्या खाणीच्या अलीकडून जंगलातली वाट धरली. दगड, झाडांची मुळं, काळी धूळ. कॅरिअर मात्र कुरकुरलंसुद्धा नाही. मी इतका खूश होतो, की चढावरही शीळ घालत होतो.

एका वळणावर एक म्हातारी बसलेली दिसली. एक चप्पल पायात, दुसरी हातात. घोटा सुजून वांग्यासारखा झाला होता. मला पाहून ती काठी टेकत उठली.

"डामर रोडवर सोडून दे न बापू. पाय मुरगळला. कोसभरच हाय. मी मांगं बसून घेईन."

आमच्याकडे याला विनंती म्हणत नाहीत. वाटेनं कॅरिअरवाली सायकल जात असेल आणि कोणी लंगडत असेल, तर तो बसतो, विचारायचं काय त्यात.

इथं आमच्या घराण्याची एक सवय सांगायला हवी. तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेलेले आम्ही लोक, नाही म्हणायचं असलं की मराठी सोडून हिंदीत शिरतो. मराठीत नाही म्हटलं तर समोरचा आणखी दोन शब्द बोलतो; हिंदीत म्हटलं की गप्प बसतो. मी म्हणालो, "माताजी, इस पर आदमी बैठाना मना है. पच्चीस किलो की लिमिट है."

तिनं फुगलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. "हे सामान उतरवलं तं?"

"जरूरी सामान है."

ती लगेच बाजूला झाली. "जा मंग साहेब. काम खोळंबन तुमचं." बापूचा मी तेवढ्यात साहेब झालो होतो.

अर्धा किलोमीटर गेल्यावर मनात आलं, विटा झुडपात टाकता आल्या असत्या. विटा कोण चोरणार? तिला बसवून सायकल हातानं हळूहळू ढकलत नेली असती, तर कॅरिअरनं तिला पेललं असतं. नसतं पेललं, तर मोडलं असतं. थांबलो नाही याचं कारण कॅरिअर नव्हतंच. तिच्यासमोर पिशवी उघडून एकेक वीट बाहेर काढावी लागली असती, आणि तिनं विचारलं असतं, "इटा?" त्या एका शब्दाची मला लाज वाटली. दुखऱ्या पायाचं माणूस जंगलात सोडल्याची वाटली नाही. ती आता वाटते, आणि कमी होत नाही.

डांबरी रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. बोल्ट तपासले, एकही सैल झाला नव्हता. फोटो काढून सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथंच बसून राहिलो. म्हातारी पोचते का हे पाहायला बसलो होतो, असं आज म्हणावंसं वाटतं. खरं म्हणजे मी ग्रुपवरची शाबासकी वाचत होतो.

तासाभरानं त्याच वाटेनं एक दूधवाला आला. त्यानं दुधाच्या कॅन पुढं हँडलला अडकवल्या होत्या आणि मागं लोखंडी कॅरिअरवर ती बसली होती. तिला बाकावर टेकवून तो टपरीवाल्याला सगळं सांगू लागला. टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे बी त्याच रस्त्यानं आले न? यायनं नाही बसवलं?"

उत्तर तिनंच दिलं.

"त्यायले काहून बोलता? दवाखान्याचे साहेब हायेत ते. दवाई घेऊन चालले गावागावात, जरूरी सामान हाय. मनाई हाय त्यायले."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मग ती माझ्याकडे वळली आणि संकोचून म्हणाली, "साहेब, सुजनीवर एखांदी गोळी असन यात, तं द्या न."

"इसमें वो नहीं है," मी म्हणालो.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "ज्याले जास्त गरज असन, त्याले द्याजा."

मी चहाचे पैसे ठेवले, पिशवीचा बंद आणखी आवळला आणि निघालो.