तडा

ऑक्टोबरच्या उकाड्यात स्लेटच्या दगडावर उघडा तळहात टेकवावा, तसा गारवा दुसरा नाही. दगड शाळेच्या पाटीचाच. पण दोन बोटं जाड, आणि असा निस्तरंग गुळगुळीत, की हात आपला आपणच पुढे सरकतो. बिलियर्ड्ससारखा जो पूल नावाचा खेळ, त्याच्या टेबलाचं हिरवं कापड सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याखाली असा दगड निजलेला असतो, हे तुमच्या कधी मनात तरी आलं होतं का?

मी ही टेबलं दुरुस्त करते. मुंबईच्या क्लबांतून बाबांनी जन्मभर हेच काम केलं आणि त्यांच्या हाताखाली मीही शिकले. आमच्या रत्नागिरीत सपाट म्हणून काय आहे सांगा! कातळाचा सडा चढायचा, दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरायची, आणि घरातल्या जमिनीलाही गवंडी पाणी वाहून जावं म्हणून ढाळ देतो. अशा उताराच्या मुलखात एक तरी पृष्ठभाग पूर्णपणे समतल असावा, त्यावर सोडलेला चेंडू कुणाच्याही बाजूला न कलता जागच्या जागी थांबावा, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर स्थिरावला की अजूनही माझा श्वास क्षणभर अडतो.

गावातल्या एका क्लबाचं जुनं टेबल मी अख्खा पावसाळाभर खपून उभं केलं. वाळवीने खाल्लेल्या पायांना सागाचे जोड दिले, काठांचं आंबलेलं रबर खरवडून नवं बसवलं, दगडाच्या तीन फरश्या एकसंध लागाव्यात म्हणून सांध्यांत मेण भरलं. उरलं होतं फक्त कापड. टेबल अंगणापलीकडच्या नव्या हॉलमध्ये न्यायचं होतं आणि मी सेक्रेटरींना बजावून सांगितलं होतं, की हात लावू नका. फरश्या सुट्या करूनच न्याव्या लागतात, सोमवारी मी येते.

सोमवारपर्यंत कुणाला दम आहे! रविवारी त्यांनी पूर्णगडहून होड्या ओढणारी माणसं बोलावली. होडी किनाऱ्यावर घेतात तसे टेबलाखाली ओंडके घातले, दोर बांधले, आणि ‘हैस्सा’च्या गजरात अख्खं टेबल अंगणातून ओढलं. होडीचं लाकूड लवतं, धक्के पोटात घेतं. दगड लवत नाही. हॉलच्या उंबऱ्यावर पुढचं टोक उचललं गेलं आणि मधली फरशी या काठापासून त्या काठापर्यंत तडकली.

सोमवारी मी पोचले तेव्हा त्या होडीवाल्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, माझी वाट पाहत पायरीवर बसून होता. मला पाहताच उठला. “बाय गो, आमाला काय ठावं आत दगड हाय? लाकूडच हाय असा सांगितलान त्यानी. दगड हाय बोलला असता तर आमी अशी वडली असती काय?” त्याच्यावर मी काय रागावणार? त्याने त्याची विद्या इमानाने वापरली होती. माझं डोकं फिरलं ते सेक्रेटरींच्या हसण्यावर. ते म्हणाले, “अहो ताई, एवढं काय? वरून कापड ओढून टाका. उद्या उद्घाटन आहे, कुणाला कळणार?”

कुणाला कळणार! हे दोन शब्द म्हणजे या देशातल्या प्रत्येक बिघडलेल्या कामाचं पांघरूण आहे. रस्ता खचतो, पूल हलतो, भिंत ओल धरते, आणि कुणीतरी असंच हसत वर रंग मारून मोकळा होतो. कामावरची निष्ठा म्हणजे तरी दुसरं काय असतं? कुणी बघणार नाही तिथेही नीट वागणं, एवढंच ना? फरशी सांधता येईल, खाली लाकडी चौकट घालून, राळ भरून, सावकाश घासून. पण त्याला महिना जाईल आणि तोवर टेबल उघडं राहील, एवढं सांगून मी कापडाचा गठ्ठा उचलला आणि घरी आणला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला मी मुद्दाम गेले. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, पाहुणे हातात खेळायची काठी घेऊन टेबलापाशी आले आणि थबकले. “हे काय झालं?” त्यांनी विचारलं. सेक्रेटरींनी वळून माझ्याकडे पाहिलं, अगदी आर्जवाने. इतकी वर्षं इतरांच्या चुका मीच चारचौघांत गोड शब्दांत समजावत आले आहे. जिभेवर वाक्य तयारही होतं. मी ते गिळलं, हात पाठीमागे बांधले, आणि सेक्रेटरींच्या उत्तराची सगळ्यांसोबत वाट पाहत उभी राहिले.