लाल खडूचे शर्ट

खुसपटराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शर्टांच्या कारखान्यात शिलाई तपासण्याच्या टेबलावर त्यांनी अख्खी नोकरी काढली, आणि मशिनीवरच्या बायकांनी त्यांना हे नाव बहाल केलं. टाका जरा वाकडा दिसला की हे त्याभोवती लाल खडूने गोल काढायचे, शर्ट उंच धरायचे आणि चार जणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "हे कोणाचे दिवे?" त्यांना आयुष्यात सुईत दोरा ओवता आला नाही, ती गोष्ट वेगळी.

निवृत्त झाल्यावर माणसं शहाणी होतात म्हणे. हे घरी येऊन घर तपासायला लागले. सुनेने घातलेली घडी, मुलाने ठोकलेला खिळा, काही म्हणून सुटलं नाही. कारखान्यातून येताना त्यांनी नापास शर्टांचा एक गठ्ठा आणला होता, लाल गोलांसकट. आला-गेला कोणीही असो, त्याला तो दाखवल्याशिवाय राहवायचं नाही. "बघा, माझ्या नजरेतून काय काय सुटलं नाही!" पाहुणा चहा घशाखाली घालून पळ काढायचा.

खोट सापडली नव्हती ती फक्त चिंधीत. चिंधी म्हणजे त्यांची मांजर. कारखान्याच्या कापडाच्या कचऱ्यात सापडली, म्हणून चिंधी. त्यांचं सगळं बोलणं न उठता ऐकून घेणारं घरात तेवढं एकच होतं. तिच्यावर मात्र त्यांचा खरा जीव होता, अगदी वेडा जीव.

त्या चिंधीला पिसवा झाल्या. मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी मानेवर टाकायचं औषध दिलं आणि बजावलं, "अंगावरच्या पिसवा याने मरतील. पण अंडी घरात पडलेली असतात. ही जिथे जिथे झोपते ती सगळी कापडं उकळत्या पाण्यातून काढा."

सुनेने पदर खोचला. पडदे, सतरंज्या, गाद्यांचे अभ्रे, सगळं धुऊन काढलं. मग ती सासऱ्यांच्या दाराशी आली. "बाबा, तो शर्टांचा गठ्ठाही द्या."

"त्याला हात लावायचा नाही! खडू जाईल सगळा. आणि चिंधी माझ्या खोलीत येतच नाही."

"नक्की?"

"मी काय खोटं बोलतो?"

बोलत होते. चिंधी रोज दुपारी त्याच गठ्ठ्यावर पसरायची, आणि हे शेजारी बसून तिचे कान खाजवायचे.

चिंधीची खाज काही थांबेना. आता तपासनीसबुवांना काम मिळालं. सुनेने औषध कातडीवर न टाकता केसांवरच टाकलं. मुलाने भलतंच खाणं आणलं. शेजाऱ्यांचा कुत्रा घाणेरडा. डॉक्टरीणबाई नवशिकी. बिचाऱ्या बाईंनी कान तपासले, खाणं बदलून पाहिलं, खाजेचं औषध दिलं. चिंधीच्या मानेवरचे केस गेले, कातडी लाल झाली, आणि खाजवून खाजवून रक्त यायला लागलं. ते बघून यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. गठ्ठ्याचं नाव मात्र काढायचे नाहीत. एका बाजूला जिवंत मांजर, दुसऱ्या बाजूला खडूची वर्तुळं, आणि हा गृहस्थ वर्तुळं सांभाळत बसला! काय म्हणावं अशा माणसाला?

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडे दिवस हिला दुसऱ्या घरी ठेवा. तिथे खाज थांबली, तर दोष तुमच्या घरातच आहे."

चिंधी गेली सुनेच्या माहेरी. मुलाने सांगून टाकलं, "तिथे बरी झाली तर तिथेच राहू दे. परत आणून तिचे हाल नकोत."

थोड्याच दिवसांत विहीणबाईंचा फोन आला. "अहो, खाजवणं बंद! केससुद्धा यायला लागलेत. दिवसभर माझ्या मांडीवर असते बघा."

खुसपटरावांच्या अंगाची लाही लाही झाली. एक तर चिंधी नाही, वर ती विहिणीच्या मांडीवर! आणि तेवढ्यावर भागलं नाही. मांजर गेली तरी पिसवा कुठे गेल्या होत्या? भुकेल्या पिसवांना खोलीत एकच प्राणी उरला होता. भर उन्हाळ्यात हे पायमोजे घालून फिरायला लागले. चहा पिताना एका पायाच्या अंगठ्याने दुसरा घोटा खरवडायला लागले.

"बाबा, पाय बघू," सून म्हणाली.

"घामोळं आहे."

"घोट्याला?"

तिने मोजा खाली ओढला. घोट्याभोवती लाल लाल गोल उठले होते, आणि मोज्यातून एक पिसू टुणकन उडून थेट टेबलावर आली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"चिंधी शर्टांवर झोपायची," खुसपटराव म्हणाले. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. "तूही एकदा आत येऊन बघायला हवं होतंस."

सुनेने कपाळाला हात लावला आणि गठ्ठा उचलला. मुलगा म्हणाला, खोली नीट साफ झाली की आणतो चिंधीला. तेवढ्यासाठी खुसपटरावांनी खडूवर पाणी सोडलं.

पाणी गुलाबी होऊन वाहून गेलं. दुपारी गच्चीवर शर्ट वाळले, तेव्हा हे चष्मा पुसून, लाल खडूची नवी कांडी घेऊन वर गेले. खुणा काय, पुन्हा करता येतील! एक शर्ट उलटा केला, सुलटा केला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग हिरव्या पट्ट्यांचा हातात आला. तो त्यांना पक्का आठवत होता. त्या शर्टावरून एका बाईला त्यांनी सगळ्यांदेखत रडवलं होतं, आणि ती दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नव्हती. ती पदराने तोंड दाबून उभी होती, तेही आठवत होतं. त्यांनी कॉलर पाहिली, काजं पाहिली, शिवणीवरून पुन्हा पुन्हा नख फिरवलं.

"सापडली का खोट?" सुनेने विचारलं.

"उजेड कमी आहे," खुसपटराव म्हणाले. डोक्यावर ऊन रणरणत होतं, आणि हातातली खडूची कांडी तशीच कोरी होती.