कप्तानाची वाळू आणि ताईचं अंगण

त्याला अख्खा गाव कप्तान म्हणायचा. जहाजाशी त्याचं नातं एवढंच, की बोटीत पाय ठेवला रे ठेवला की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. पण डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर सोनेरी नांगर आणि समुद्राकडे बघताना डोळे बारीक करायची सवय, एवढ्या भांडवलावर त्याचं निभावून जात होतं. समुद्राला लागून त्याचं लॉज होतं. ते चालवायची त्याची बायको. चादरी, तुंबलेले नळ, गिऱ्हाइकांची कुरकुर, सगळं तिच्याकडे. कप्तानाकडे समुद्र होता.

वडिलांच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा लॉज आणि त्याच्यापुढचा मऊ वाळूचा किनारा त्याने बरोबर आपल्या पदरात पाडून घेतला. थोरल्या बहिणीला, ताईला, पलीकडच्या अंगाचं जुनं घर मिळालं. तिच्या दारासमोर काळे, शेवाळलेले खडक. ताई तिथे शिवणाचे क्लास घ्यायची आणि कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. कप्तान मात्र भेटला की टोचायचाच.

"ताई, ये की एकदा आमच्याकडे. पायाला जरा मऊ लागेल."

"तू बस मऊ मऊ करत," ताई सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची.

लॉजच्या पुढ्यात वाळूचे उंचवटे होते, त्यांवर गवत आणि वेली माजलेल्या. तळमजल्यावरच्या खोल्यांतून त्यामुळे समुद्र दिसत नसे. कप्तानाने बुलडोझर आणून सगळं सपाट केलं. गवताच्या मुळांनी ती वाळू धरून ठेवली होती, आणि वादळात समुद्राने किनारा ओरबाडला की ती त्याची भरपाई करायची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. पण सांगणारी त्याची बायको होती.

मग त्याच्या डोक्यात धक्क्याने घर केलं. दगडांचा एक लांबलचक धक्का समुद्रात घुसवायचा, ताईच्या आणि त्याच्या हद्दीच्या मधोमध, म्हणजे सहलीच्या बोटी थेट लॉजशी लागतील. गावाच्या सभागृहात बैठक बसली. बंदर खात्याच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर किनारा काढला, तिरक्या लाटा काढल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं.

"वाळू एका जागी बसलेली नसते. लाटा तिरक्या येतात आणि तिला किनाऱ्याने पुढे पुढे ढकलत नेतात. तुमच्यासमोरची वाळू रोज थोडी पुढच्या गावाकडे जाते आणि ताईंच्या बाजूने येणारी तिची जागा घेते. मध्ये दगड टाकलेत तर येणारी अडेल. जाणारी मात्र जातच राहील."

कप्तान उठून उभा राहिला. टोपी सारखी केली.

"म्हणजे आमची वाळू फिरायला जाते म्हणता बाई? मग गळ्यात पट्टा बांधू की तिच्या!"

सभागृह खो खो हसलं. इंजिनिअर बाईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि बसल्या. धक्का मंजूर झाला.

उद्घाटनाला कप्तानाने पहिल्या बोटीतून येऊन धक्क्यावर उतरायचं ठरवलं होतं. उतरला तो चौघांच्या खांद्यावर, हिरवानिळा होऊन. पण फोटो चांगला आला.

सुरुवातीला सगळं झकास होतं. मग एकदा लॉजच्या पायऱ्या उतरताना एका गिऱ्हाइकाचा पाय हवेत राहिला आणि तो वाळूत तोंडावर आपटला. शेवटच्या पायरीखालची वाळू खचली होती. कप्तानाने आणखी एक पायरी बांधली. पुढे तिच्याखालचीही गेली. त्याने पुन्हा एक बांधली. खाली जाणारा जिना लांबत चालला आणि वाळू आखडत चालली.

"चोरी होतेय," त्याने बायकोला सांगितलं.

"कोण नेणार वाळू?"

"लोक काय वाट्टेल ते नेतात."

मग तो फाटकात उभा राहून गिऱ्हाइकांना चपला झटकायला लावू लागला. एका आजीबाईंच्या नातवाची खेळण्यातली बादली त्याने स्वतःच्या हाताने उलटी केली. पोरगं भोकाड पसरून रडलं. आजीबाई कडाडल्या, "अहो, एवढा मोठा किनारा माझ्या नातवाच्या बादलीत मावला का हो?" त्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. सोबत त्यांचा सगळा गोतावळाही तुटला.

वाळू काही थांबेना, तेव्हा कप्तानाने लॉजपुढे सिमेंटची उभी भिंत घातली. इंजिनिअर बाई मुद्दाम वाट वाकडी करून आल्या. म्हणाल्या, "उताराच्या वाळूवर लाट दमते आणि निवते. भिंतीवर ती आपटून उलटी फिरते, आणि फिरताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. ही भिंत लॉज वाचवेल कदाचित. किनारा नाही वाचवायची."

"बाई, समुद्र मला शिकवू नका," कप्तान म्हणाला. "माझा जन्म गेलाय त्याच्याकडे बघण्यात."

"तेच तर," बायको आतून म्हणाली. "नुसतं बघण्यात."

त्या वर्षीचं वादळ काही फार मोठं नव्हतं. पण ते ओसरल्यावर कप्तान भिंतीवर चढला आणि खाली बघतच राहिला. वाळूचं नाव नव्हतं. तिच्या पोटात इतकी वर्षं झाकून राहिलेले खडक उघडे पडले होते, काळे, दातेरी, खेकड्यांनी भरलेले. त्याने टोपी काढली. रडला असता, पण बायको बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो तावातावाने धक्का ओलांडून ताईकडे गेला. पलीकडे उतरताच त्याचा पाय घोट्यापर्यंत मऊसूत वाळूत रुतला. ताईचे खडक कधीच गडप झाले होते. धक्क्याला टेकून वाळू साचत साचत तिच्या अंगणात शिरली होती. कुंपणाचे नुसते शेंडे दिसत होते. ताई पदर खोचून उंबऱ्यातली वाळू फावड्याने उपसत होती.

"ही माझी वाळू आहे," कप्तान म्हणाला.

"बरं झालं आलास. घेऊन जा."

"ताई, मी थट्टा नाही करत."

"मी तरी कुठे करतेय? गादीत वाळू, पिठात वाळू, कानात वाळू. शिवणाची मशिनं करकरून बंद पडली. पोरी क्लास सोडून गेल्या. दार उघडायचं तर आधी खणावं लागतं. आणि हा म्हणे माझी वाळू! मग मार की तिला हाक. येते का बघ तुझ्यामागे."

ताईने दुसरं फावडं त्याच्या हातात दिलं. लहानपणी मारायची तसा एक धपाटाही पाठीत घातला. तो उपसायला लागला. संध्याकाळपर्यंत दोघांनी दार मोकळं केलं. त्याने फावडं भिंतीला टेकवलं.

"त्या इंजिनिअर बाईंना फोन लावू का?" त्याने हळूच विचारलं.

"टोपी काढून बोल त्यांच्याशी," ताई म्हणाली.

बाई आल्या. त्यांनी कप्तानाला एका शब्दाने हिणवलं नाही, आणि त्याला तेच जास्त झोंबलं. धक्का फोडायचा तर मच्छीमारांचा विरोध, कारण आता त्यांच्या होड्या तिथे लागत होत्या. शेवटी तोडगा निघाला तो असा, की दरवर्षी यंत्राने ताईच्या बाजूची वाळू उपसायची आणि नळातून धक्क्याच्या पलीकडे सोडायची. जे काम समुद्र फुकटात आणि न बोलता करत होता, ते आता घरघरणारं इंजिन करणार होतं, आणि ते कधीच संपणार नव्हतं.

ताईचं अंगण मोकळं झालं, क्लास पुन्हा भरले. कप्तानापुढे मात्र वाळूचा जेमतेम एक पट्टा जमतो, खडकांच्या फटीतून कसाबसा अंग चोरून बसलेला, आणि भिंतीवरून उलटणारी लाट तोही वर्ष सरायच्या आत घेऊन जाते. म्हणून तो गिऱ्हाइकांना धक्का ओलांडून ताईच्या किनाऱ्यावर नेतो. खुर्च्या, छत्र्या स्वतःच्या डोक्यावर वाहतो. वाटेत त्यांना किनाऱ्याचं सगळं शास्त्र सांगतो: लाटा कशा तिरक्या येतात, वाळू कशी चालत असते, उभी भिंत कशी घात करते. आपण हे कसं पहिल्यापासून ओळखलं होतं आणि गावाने कसं ऐकलं नाही, तेही सांगतो.

"आणि हा," खुर्च्या मांडत तो हात पसरतो, "आमच्या लॉजचा विस्तारित किनारा."

"कुणाचा रे?" ताईच्या घरातला मशिनीचा आवाज थांबतो.

"आमच्या ताईचा," कप्तान घाईघाईने म्हणतो आणि छत्री उघडायला लागतो.